चाकांवरचा शेजार

यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये सरोवराच्या काठाजवळ फिशिंग ब्रिज नावाचं मुक्कामाचं ठिकाण आहे. तिथे तंबू ठोकायला मनाई. कापडी छपराची, उघडमीट होणारी गाडीही चालत नाही. भोवतालच्या रानात ग्रिझली अस्वलांचा वावर असतो. रात्री अस्वल आणि माणूस यांच्यामध्ये टणक भिंत असलीच पाहिजे, असा नियम. म्हणून उन्हाळ्यात दिवस कलायला लागला की तिथे दिसतात त्या फक्त आरव्ही. चाकांवरची घरं, एकमेकांना खेटून लावलेली. चाळीत असावीत तशी. एका घरात कांदा परतला तर वास तिसऱ्या घरात जातो.

संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला अशा ठिकाणी भाड्याची गाडी घेऊन आलेलं कुटुंब लांबूनच ओळखू येतं. पंचवीस-तीस फुटांची गाडी उलटी घ्यायची असते. चालवणारा वर्षभर साधी मोटार चालवलेला. बायको मागे उभी राहून हात हलवत असते, मुलं दोन्ही खिडक्यांतून दोन वेगवेगळ्या सूचना देत असतात. मग समोरच्या घरासमोर खुर्ची टाकून बसलेले एखादे आजोबा हातातला कप खाली ठेवतात आणि सावकाश चालत येतात. ते फारसं बोलत नाहीत. बायकोला दोन पावलं बाजूला सरकवतात आणि एवढंच सांगतात, की आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसला पाहिजे; तुम्हाला तो दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पाच मिनिटांत गाडी जागेवर लागते.

अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राऊंडवर गेलं तरी हे दृश्य चुकत नाही. आरव्ही प्रवासाची सगळी गोष्ट त्यात आहे, असं म्हटलं तरी चालेल. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत या गाडीला ‘स्वयंपूर्ण’ म्हणतात: आत शेगडी, फ्रिज, संडास, बिछाना, पाण्याची टाकी, विजेची सोय. कुणावर अवलंबून राहायला नको. प्रत्यक्षात या गाडीतून निघालेला माणूस पहिल्याच संध्याकाळी शेजाऱ्याकडे पाना मागायला जातो.

आरव्ही हे रिक्रिएशनल व्हेइकल या नावाचं लघुरूप. बसएवढ्या मोठ्या गाड्या ‘ए’ वर्गात, व्हॅनच्या अंगात घर बसवलेल्या ‘बी’ वर्गात, आणि ट्रकच्या सांगाड्यावर घर बांधून ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा काढलेल्या ‘सी’ वर्गात. मोटारीमागे ओढून न्यायच्या ट्रेलरांचं कुळ वेगळं. लेकराबाळांची कुटुंबं बहुधा ‘सी’ वर्गातली गाडी भाड्याने घेतात, कारण तो माळा. त्याच्यावर कोण झोपणार यावरून पहिलं भांडण होतं. बहुतेक राज्यांत ही गाडी चालवायला साध्या मोटारीचा परवाना पुरतो. पेट्रोल मात्र ती मुकाट पिते: गॅलनला आठ-दहा मैल, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. आणि उंचीचं भान सतत ठेवावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅममध्ये रेल्वेचा एक पूल अकरा फूट आठ इंच उंचीचा होता. ट्रकांची आणि भाड्याच्या गाड्यांची इतकी छपरं त्याने सोलली, की लोक त्याला डबे उघडायचं हत्यार म्हणू लागले. २०१९ मध्ये तो आठ इंचांनी उचलला, तरी धडका थांबल्या नाहीत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना या गाडीचं एक वेगळं अप्रूप आहे. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आलेले असतात. त्यांना ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन दाखवायचं असतं. पण बाबांना दर दोन तासांनी बाथरूम लागते, आईला बाहेरचं खाणं सोसत नाही, हॉटेलच्या खोलीत दोन पिढ्या मावत नाहीत. आरव्हीत हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. आई सकाळी पोहे करते, रात्री वरणभाताचा कुकर लावते. निवांत जंगलात कुकरची शिट्टी झाली की शेजारपाजारची माणसं दचकून बाहेर येतात. हा आवाज कसला, हे सांगता सांगता ओळख होते. मग वरणाची वाटी तिकडे जाते आणि तिकडून मुलांना शेकोटीवर भाजायला मार्शमेलो येतात.

गाडी जागेवर लागली तरी काम संपत नाही. ती सपाट उभी करावी लागते, चाकांखाली ठोकळे सरकवून. नुसत्या झोपेच्या सोयीसाठी नाही. अनेक आरव्हींमधला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. त्यात पंप नसतो. अमोनियाचं मिश्रण उताराने वाहत फिरतं आणि थंडावा देतं. गाडी कलती राहिली तर ते एका जागी साचतं, आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून जाणते लोक आधी ओट्यावर पाण्याचा पेला ठेवून बघतात, मग फ्रिज लावतात.

आणि मग येतो तो डंप स्टेशनचा प्रसंग. त्याच्याबद्दल प्रवासवर्णनांत कुणी फारसं लिहीत नाही, पण माणसं जोडली जातात ती तिथेच. आरव्हीच्या पोटात वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या असतात. एक संडासाची, तिला काळी टाकी म्हणतात. दुसरी मोरीची आणि ओट्याची, ती करडी. दोन-चार दिवसांनी त्या रिकाम्या कराव्या लागतात: तीन इंची जाड, घड्यांचा नळ गाडीच्या तोंडाला बसवायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात. हातमोजे घालायचे. आधी काळी टाकी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळ आपोआप धुतला जातो. क्रम चुकला तर नळात काय राहतं, ते सांगायला नको. नवख्याचे हात थरथरतात. मागे रांगेत उभा असलेला माणूस, मग तो निवृत्त न्यायाधीश असो की ट्रक दुरुस्त करणारा, पुढे येतो आणि नळाची मूठ फिरवून दाखवतो: ही कडी बसल्याचा आवाज झाल्याशिवाय झडप उघडायची नाही. इथे हुद्दे, जात, भाषा सगळं गळून पडतं.

ही रीत जुनी आहे. १९१९ मध्ये फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरी, डिसोटो पार्कमध्ये मोटारीने भटकणाऱ्यांनी एक मंडळ काढलं, टिन कॅन टूरिस्ट्स. ही माणसं डब्यातलं अन्न खात आणि ओळख पटावी म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर रिकामा डबा डाखवून घेत. रस्त्यात डबा दिसला की थांबायचं आणि मदत करायची. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये एअरस्ट्रीम ही ट्रेलर बनवणारी कंपनी सुरू केली, तीही बायकोच्या तक्रारीतून. मॅरियनबाईंना स्वयंपाकघराशिवाय मुक्कामाला जायचं नव्हतं. पुढे १९३६ मध्ये चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट ठोकून तयार केलेली ‘क्लिपर’ आली. तो गोलसर, विमानासारखा आकार आजही रस्त्यावर लगेच ओळखू येतो. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघा अंतराळवीरांना १९६९ मध्ये ज्या बंद खोलीत ठेवलं होतं, ती याच कंपनीच्या ट्रेलरवर बेतलेली होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी तिच्याच खिडकीतून बोलले.

बायम यांना गाड्या विकण्याइतकाच ताफे काढण्याचा ध्यास होता. १९५९ मध्ये त्यांनी एक्केचाळीस ट्रेलर घेऊन केपटाऊनहून कैरोपर्यंत आफ्रिका ओलांडायला घेतली. वाटेत चिखलात रुतलेले ट्रेलर गावकऱ्यांनी ढकलून बाहेर काढले. स्वयंपूर्ण घरं ती, पण शंभर हात लागल्याशिवाय हलत नव्हती.

सध्या अमेरिकेतल्या सुमारे ऐंशी टक्के आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि आसपास तयार होतात. तिथल्या कारखान्यांत अमिश पंथाचे कितीतरी लोक काम करतात. स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात, आणि दिवसभर देशाला भटकायला चाकांवरची घरं बांधून देतात.

रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांसाठीच निघालेला सगळ्यांत नामांकित प्रवासी म्हणजे लेखक जॉन स्टाइनबेक. २३ सप्टेंबर १९६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सॅग हार्बरहून ते निघाले. अठ्ठावन्न वर्षांचे, प्रकृती नाजूक. जीएमसी कंपनीचा पिकअप ट्रक, त्याच्या पाठीवर बसवलेली छोटी खोली. नाव ठेवलं रोसिनान्ते, डॉन किहोतेच्या घोड्याचं. सोबत चार्ली नावाचा पूडल जातीचा कुत्रा. चार्ली हा त्यांचा राजदूत होता. मुक्कामावर त्याला मोकळं सोडायचं. तो कुणाच्या तरी मुक्कामाकडे रेंगाळत जायचा, आणि त्याला परत आणायच्या निमित्ताने बोलणं सुरू व्हायचं.

‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ मध्ये आलं, त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्या प्रवासाला पन्नास वर्षं झाल्यावर, २०१० मध्ये, बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने तोच रस्ता पुन्हा तुडवला. त्याला आढळलं, की स्टाइनबेक पुष्कळ रात्री हॉटेलांत राहिले होते आणि बरेच दिवस पत्नी एलेन सोबत होत्या. भेटलेली काही माणसं कल्पनेतली असावीत, अशीही शंका त्याने घेतली. ही तपासणी रास्तच होती. प्रवासवर्णन सत्य म्हणून विकलं गेलं असेल तर वाचकाला ते कळायला हवं. तरी त्या पुस्तकातला एक प्रसंग कुणालाही खोडता येणार नाही, कारण त्याची छायाचित्रं जगाने पाहिली आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही कृष्णवर्णी मुलगी नोव्हेंबर १९६० पासून गोऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागली होती. केंद्र सरकारचे मार्शल तिला शाळेत पोचवत, आणि फाटकाबाहेर गोऱ्या बायका जमून तिला शिव्या घालत. स्टाइनबेक यांनी रोसिनान्ते लांब उभी केली, टॅक्सीने तिथे गेले आणि ते ऐकून सुन्न होऊन परतले.

अमेरिकेचा मोकळा रस्ता सगळ्यांना मोकळा नव्हता. हार्लेममध्ये राहणारे टपालवाले व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक पुस्तिका काढली: कृष्णवर्णी प्रवाशाला कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे गाडीची दुरुस्ती, याची यादी. ‘ग्रीन बुक’ तीस वर्षं निघत राहिलं. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाला आणि त्याची गरज ओसरली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, स्थलांतराचा नवा कायदा आला आणि भारतीय डॉक्टर-इंजिनियरांना अमेरिकेचं दार उघडलं. आज ज्या मराठी कुटुंबाच्या कुकरच्या शिट्टीवर शेजारी हसत बाहेर येतात, त्याला कॅम्पग्राऊंडवर जागा मिळण्यामागे ग्रीन यांच्या पिढीने आणि रूबीच्या आईवडिलांनी सोसलेलं खूप काही आहे. मुलांना पार्कमध्ये ज्युनियर रेंजरचा बिल्ला मिळतो, त्याआधी हात वर करून शपथ घ्यावी लागते. त्याच प्रवासात त्यांना रूबीची गोष्टही सांगावी.

थंडी पडली की हा सगळा संसार दक्षिणेकडे सरकतो. अ‍ॅरिझोनात, फीनिक्सहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या महामार्गावर क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती अडीच हजारांच्या आत. जानेवारीत मात्र भोवतालचं वाळवंट क्षितिजापर्यंत पांढऱ्या छपरांनी भरतं. कॅनडातून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून आलेले निवृत्त लोक, ज्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात, इथे हिवाळा काढतात. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची. इतर ठिकाणच्या सरकारी रानात साधारण चौदा दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. इथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांचा परवाना मिळतो. त्याचं शुल्क कित्येक वर्षं १८० डॉलर होतं. नळजोड नाही, वीज नाही. छपरावरच्या सौर पाट्या आणि टाकीतलं पाणी यांवर भागवायचं.

गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, माथ्यावर उंटाची आकृती. ती हाजी अलींची समाधी. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर ऑटोमन साम्राज्यातून आलेले हे उंटवाले. अमेरिकनांच्या जिभेला नाव वळेना, म्हणून ‘हाय जॉली’ झाले. उंटांचा प्रयोग बारगळला, हाजी तिथेच राहिले आणि १९०२ मध्ये वारले. १९३५ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने ही समाधी बांधली. चाकांवर आलेले लाखो लोक ज्या वाळवंटात मुक्काम टाकतात, तिथला मानाचा पूर्वज असा एक परदेशी, फिरस्ता मुसलमान आहे.

क्वार्टझसाइटमध्ये सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला पहिल्यांदा कळतं, की शेजारच्या गाडीतली बाई सुट्टीवर आलेली नाही. तिचं घर हेच आहे. दुसरं नाही. अशांतलाच एक बॉब वेल्स, अलास्कातल्या किराणा दुकानातला कामगार. १९९५ मध्ये घटस्फोटानंतर भाडं परवडेना, म्हणून त्याने पंधराशे डॉलरचा जुना ट्रक घेतला आणि त्यात राहू लागला. पुढे तो इतरांना गाडीत कसं राहायचं हे शिकवू लागला आणि या वाळवंटात दरवर्षी फुकट मेळावा भरवू लागला. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाई अशा माणसांबरोबर राहिल्या, त्यांच्यासारखी कामं करून पाहिली, आणि २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक आलं. त्यावर बेतलेल्या क्लोई झाओ यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात लिंडा मे आणि स्वांकी या खऱ्याच भटक्या बायका आणि बॉब वेल्स स्वतःच्याच भूमिकेत आहेत.

चित्रपटातली नायिका ज्या गावची आहे ते गावही खरं. नेवाडातलं एम्पायर. जिप्समच्या कारखान्याची वसाहत; २०११ मध्ये कारखाना बंद पडला, माणसं उठून गेली आणि टपाल खात्याने गावाचा पिनकोडही रद्द केला. २००८ च्या मंदीत घरं आणि साठवलेला पैसा गमावलेली साठी-सत्तरीची माणसं अशीच रस्त्यावर आली. उन्हाळ्यात ती सरकारी कॅम्पग्राऊंडवर राखणदारी करतात आणि शौचालयं धुतात. सणासुदीच्या मोसमात अ‍ॅमेझॉनच्या गोदामांत सामान भरायला अशा लोकांसाठी खास योजनाच होती. आणि ऑक्टोबरात ती नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यात पोचतात, साखरेच्या बीटच्या काढणीला. बारा-बारा तासांच्या पाळ्या. बीटचे डोंगर रचायचे, नमुन्यांच्या पिशव्या भरायच्या, थंडीत चिखल तुडवायचा.

आपल्याकडे दसरा झाला की बीड, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) भागातून ऊसतोडीची बिऱ्हाडं निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, म्हातारी माणसं. ज्याने ती पाहिली आहेत, त्याला रेड नदीच्या खोऱ्यातल्या या गाड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तोच महिना, तीच साखर. फरक आहे, आणि मोठा आहे: तिथे कोणी मुकादमाची उचल घेतलेली नसते, काम सोडून जाता येतं, गाडीत हीटर असतो. पण सत्तरीच्या बाईने भाडं परवडत नाही म्हणून रात्रपाळीत बीट रचावं, याला भटकंतीची हौस म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. या गाड्यांतल्या कित्येकांना रस्ता मनापासून आवडतो, आणि तेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात नांदतात.

म्हातारपण मात्र सगळ्यांनाच गाठतं. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये बारमाही रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी एस्केपीज नावाचं मंडळ काढलं. त्यांची भेटण्याची रीत म्हणजे मिठी मारणं. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन गावात मंडळाचं मुख्यालय आहे. पत्ताच नसलेल्या हजारो सभासदांची टपालं तिथे येतात आणि ते असतील तिकडे पाठवली जातात. त्याच आवारात हातपाय थकलेल्या, आजारी सभासदांसाठी एक केंद्र आहे. तिथे राहायला येणारा माणूस आपल्याच आरव्हीत राहतो. जेवण, कपडे धुणं, डॉक्टरकडे नेणं-आणणं केंद्रातली माणसं बघतात. गाडी हलत नाही, पण चाकं काढलेली नसतात.

कॅम्पग्राऊंडवर सकाळ होते तेव्हा निघण्याची घाई असते. नळ सोडवायचे, ठोकळे काढायचे, माळ्यावरच्या पोरांना उठवायचं. शेकोटीचं उरलेलं लाकूड गाडीत भरून पुढच्या राज्यात नेऊ नये, असं जागोजागी बजावलेलं असतं. लाकडातून किडे पसरतात. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंग्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं अशीच मारली. म्हणून लाकूड जिथे घ्यायचं, तिथेच जाळायचं. मग मुलगा उरलेली मोळी दोन्ही हातांनी छातीशी धरतो आणि समोरच्या आजोबांच्या टेबलाखाली नेऊन ठेवतो. आजोबा अजून झोपलेले असतात. मुलाची आजी मागून हाक मारते, ती डब्यातली चकलीही ठेव म्हणून.